शिळ्या डीएनएस नोंदींची साफसफाई: विंडोज सर्व्हरवर स्कॅव्हेंजिंग बिनधोक कसं सुरू करावं

लेखा विभागातून फोन येतो, "साहेब, प्रिंट निघत नाही." तुम्ही त्यांच्या संगणकाचं नाव टाकून रिमोट डेस्कटॉप उघडता आणि समोर येतो स्टोअरमधला संगणक. नाव बरोबर टाकलं होतं, यंत्र भलतंच निघालं. पिंग केलं तर उत्तरही व्यवस्थित येतं, फक्त ते दुसऱ्याच कुणाकडून येतं. डीएनएसचा (संगणकांची नावं आणि त्यांचे आयपी पत्ते यांची यादी ठेवणाऱ्या सेवेचा) कन्सोल उघडून आयपीप्रमाणे यादी लावली की कारण दिसतं: १९२.१६८.१०.४७ या एकाच पत्त्यावर तीन नावं. त्यातला एक लॅपटॉप भंगारात गेलाय, दुसरा वायफायवर आहे, आणि फक्त तिसरा खरोखर त्या पत्त्यावर बसलाय.

याला आम्ही शिळ्या नोंदी म्हणतो. नेटवर्क लहान असेल तर माणूस हाताने चार नोंदी उडवतो आणि पुढे जातो. दीडदोनशे संगणकांच्या पुढे ते जमत नाही. विंडोजच्या डीएनएस सर्व्हरमध्ये या कामासाठी एजिंग (नोंदीचं वय मोजणं) आणि स्कॅव्हेंजिंग (शिळ्या नोंदी आपोआप पुसणं) ही सोय विंडोज २००० पासून आहे, पण बहुतेक ठिकाणी ती बंदच सापडते. कारण सरळ आहे: कुणीतरी कधीतरी ती घाईने सुरू केली, एखाद्या महत्त्वाच्या सर्व्हरची नोंद उडाली, आणि तेव्हापासून कुणी त्या टिकला हात लावत नाही.

ती घाई मीही केली आहे. एका साखर कारखान्याच्या नेटवर्कचं काम होतं. झोनवर (एका डोमेनच्या नोंदींच्या संचावर) टिक केली, सर्व्हरवर टिक केली आणि निघालो. दुसऱ्या आठवड्यात, गाळप हंगाम भरात असताना, वजनकाट्याच्या सर्व्हरचं नाव डीएनएसमधून गायब झालं. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटच्या बाहेर गेली होती. शेतकऱ्याचा ऊस तोडला की त्याचं वजन तासागणिक घटतं. त्यामुळे तो दोन तासांचा खोळंबा मला आजही आठवतो. खाली जी पद्धत लिहिली आहे ती त्या दिवसानंतर बसवलेली आहे.

आधी घड्याळ समजून घ्या

डीएनएसमध्ये नोंद दोन वाटांनी येते. तुम्ही कन्सोलमध्ये हाताने टाकलेली नोंद स्टॅटिक असते. तिचा टाइमस्टॅम्प शून्य असतो, आणि स्कॅव्हेंजिंग तिला कधीही हात लावत नाही. संगणकाने स्वतः किंवा डीएचसीपी सर्व्हरने (संगणकांना आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरने) त्याच्या वतीने केलेली नोंद डायनॅमिक असते. तिच्यावर तारीख आणि तास यांचा शिक्का बसतो. मिनिटं धरली जात नाहीत, शिक्का तासापुरताच असतो. आतमध्ये हा आकडा १ जानेवारी १६०१ पासून मोजलेल्या तासांमध्ये ठेवतात. म्हणून कधी झोनच्या फाइलमध्ये नोंदीशेजारी ३७ लाखांच्या घरातला आकडा दिसला तर गोंधळू नका. ते नोंदीचं वय मोजायचं माप आहे.

विंडोजचा संगणक साधारण दर २४ तासांनी "मी इथेच आहे" असं डीएनएसला कळवतो. आयपी बदलला असेल तर तो अपडेट झाला आणि तो केव्हाही स्वीकारला जातो. काहीच बदललं नसेल, फक्त हजेरी असेल, तर तो रिफ्रेश. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण शिक्का बसल्यावर पहिले ७ दिवस सर्व्हर नुसती हजेरी लिहूनच घेत नाही. हा नो-रिफ्रेश इंटरव्हल. प्रत्येक संगणकाची रोजची हजेरी लिहीत बसलं तर प्रत्येक बदल अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (नेटवर्कमधल्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीतून) सगळ्या डोमेन कंट्रोलरांकडे (ती नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हरांकडे) पाठवावा लागेल. ती वर्दळ वाचवण्यासाठी हा काळ ठेवला आहे. त्यानंतरचे ७ दिवस रिफ्रेश इंटरव्हल. या काळात एकदा जरी हजेरी लागली तरी शिक्का ताजा होतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

उदाहरण घेऊ. एका लॅपटॉपची नोंद १ जूनला सकाळी १० वाजता झाली आणि त्याच संध्याकाळी तो कायमचा बंद पडला. ८ जूनपर्यंत नो-रिफ्रेश, १५ जूनपर्यंत रिफ्रेश. १५ जूनला १० नंतर नोंद शिळी ठरली. पण शिळी ठरली म्हणजे लगेच उडाली असं नाही. सफाईची फेरीसुद्धा दर ७ दिवसांनी फिरते. फेरी १४ जूनला झाली असेल तर पुढची २१ला, आणि नोंद तेव्हा जाईल. म्हणजे मूळ मांडणीत मेलेली नोंद १४ ते २१ दिवस राहतेच. "काल सुरू केलं, आज काहीच उडालं नाही" अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकतो. त्यात बिघाड काहीच नसतो, हिशेबच असा आहे.

तीन ठिकाणी परवानगी लागते: नोंदीवर, झोनवर आणि सर्व्हरवर. तिन्ही असल्याशिवाय काही पुसलं जात नाही. हीच या सोयीची सुरक्षितता आहे आणि आपण ती क्रमाने वापरायची आहे.

पहिलं काम: प्रत घेणं आणि यादी वाचणं

काहीही बदलण्याआधी झोनची प्रत काढा. पॉवरशेलमध्ये एक्स्पोर्ट-डीएनएससर्व्हरझोन ही आज्ञा आहे, जुन्या सवयीच्या लोकांना डीएनएससीएमडीमधला झोनएक्स्पोर्ट चालेल. फाइल सिस्टम३२च्या आतल्या डीएनएस फोल्डरमध्ये पडते, साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते. ती सर्व्हरच्या बाहेर दुसरीकडे ठेवा. रिव्हर्स झोनचीही (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या झोनचीही) प्रत काढा. लोक ती नेहमी विसरतात.

आता डीएनएस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून अ‍ॅडव्हान्स्ड निवडा. ते न निवडल्यास नोंदीच्या गुणधर्मांमध्ये टाइमस्टॅम्प आणि "शिळी झाल्यावर ही नोंद काढून टाक" ही चौकट दिसतच नाही. मग यादी टाइमस्टॅम्पच्या स्तंभावर लावा आणि बसून वाचा. दोनशे ओळी असतील तर चहा घेऊन बसा, पण वाचा. या कामातला सगळा शहाणपणा इथे आहे.

यादीत मी एकच प्रश्न विचारतो: ज्याचं नाव हललं तर काम थांबेल अशा यंत्राची नोंद डायनॅमिक आहे आणि तिचा शिक्का जुना आहे, असं कुठे दिसतं का? काट्याच्या सर्व्हरचं नेमकं हेच झालं होतं. पत्ता स्थिर होता, म्हणून सगळ्यांनी नोंदही स्थिर धरली. पण ती नोंद काही वर्षांपूर्वी यंत्राने स्वतः केलेली होती, आणि नंतर कुणीतरी नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये "या जोडणीचा पत्ता डीएनएसमध्ये नोंदव" ही टिक काढली होती. यंत्र चालू, सेवा चालू, हजेरी बंद. स्कॅव्हेंजिंगच्या नजरेत ते मेलेलंच होतं. स्थिर आयपी आणि स्थिर नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कागदावर लिहून टेबलासमोर लावण्यासारखं आहे.

अशी यंत्रं नेहमीच्या जागी सापडतात: लिनक्स सर्व्हर जे एकदाच नोंदले गेले, हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, स्टोरेज, प्रिंटर, जुन्या विंडोजवर अडकलेली प्रयोगशाळेतली उपकरणं. यातलं प्रत्येक एक तर नियमित हजेरी लावेल असं करा, किंवा त्याच्या नोंदीवरची "शिळी झाल्यावर काढ" ही टिक काढून लागू करा. टिक काढली की शिक्का शून्य होतो आणि नोंद सुरक्षित होते.

डोमेन कंट्रोलरांच्या नोंदींना मात्र स्टॅटिक करायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या एसआरव्ही नोंदी (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) नेटलॉगऑन सेवा दर २४ तासांनी स्वतः ताज्या ठेवते. कुठल्या डोमेन कंट्रोलरचा शिक्का जुना दिसला तर तो नेटलॉगऑनमधला बिघाड समजा आणि तो आधी दुरुस्त करा.

एक आज्ञा इथेच ओलांडून पुढे जा: डीएनएससीएमडीमधली एजऑलरेकॉर्ड्स. ती झोनमधल्या सगळ्या नोंदींवर, हाताने टाकलेल्या स्टॅटिक नोंदींवरसुद्धा, आजचा शिक्का मारते. म्हणजे आज सुरक्षित असलेलं सगळं दोन आठवड्यांनी पुसण्याच्या रांगेत उभं राहतं. इंटरनेटवरच्या सल्ल्यांमध्ये ती सर्रास दिसते. वापरू नका.

डीएचसीपीशी मेळ घाला

नोंदी शिळ्या होतात त्याचं मूळ बहुतेक वेळा डीएचसीपीत असतं, म्हणून आधी तिथे बघितल्याशिवाय नुसती सफाई करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

विंडोज डीएचसीपीचा लीज (पत्ता वापरायची मुदत) मूळ मांडणीत ८ दिवसांचा असतो. अर्धा काळ, म्हणजे ४ दिवस झाले की संगणक तो वाढवून घेतो. ७ अधिक ७ दिवसांच्या घड्याळाशी हे छान जुळतं. गडबड होते वायफायच्या स्कोपवर (पत्त्यांच्या गटावर), जिथे लीज ८ तासांचा ठेवलेला असतो. पत्ता दिवसात दोनदा हात बदलतो आणि नाव मात्र दोन आठवडे टिकतं. मग एका पत्त्यावर दहा नावं दिसणारच. यावर स्कॅव्हेंजिंगचे दिवस कमी करून १ अधिक १ करणारे लोक मी पाहिले आहेत. शनिवार-रविवार ऑफिस बंद राहिलं की सोमवारी सकाळी अर्ध्या संगणकांच्या नोंदी गायब असतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर विचारायलाच नको. दिवस कमी करायचेच असतील तर तुमच्याकडच्या सर्वांत लांब सुट्टीचा विचार आधी करा. माझं मत विचाराल तर ७ अधिक ७ला हात लावू नका. पाहुण्यांच्या वायफायला डीएनएसमध्ये नोंदच करू देऊ नका, आणि कर्मचाऱ्यांच्या वायफायचा लीज थोडा लांबवा.

दुसरी गोष्ट मालकीची. सुरक्षित डायनॅमिक अपडेट चालू असतील तर जो नोंद करतो तो तिचा मालक होतो. मूळ मांडणीत नाव-ते-पत्ता ही ए नोंद संगणक स्वतः करतो आणि पत्ता-ते-नाव ही पीटीआर नोंद डीएचसीपी सर्व्हर करतो. आता समजा संगणक फॉरमॅट केला, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतलं त्याचं जुनं खातं उडवलं आणि त्याच नावाने पुन्हा डोमेनला जोडला. नाव तेच असलं तरी खातं नवं आहे, त्यामुळे जुन्या नोंदीत बदल करायचा हक्क त्याला नाही. तो रोज प्रयत्न करतो आणि रोज नाकारला जातो. जुना पत्ता तसाच राहतो. अशी नोंद दिसली तर हाताने काढा आणि त्या संगणकावर आयपीकॉन्फिगला रजिस्टरडीएनएस जोडून चालवा. नवी नोंद नव्या मालकीने होते.

डीएचसीपी सर्व्हरच सगळ्या नोंदी करेल असं ठेवायचं असेल तर त्याच्या गुणधर्मांमध्ये डीएनएस टॅबवर "नेहमी अपडेट कर" निवडा, "लीज संपल्यावर ए आणि पीटीआर नोंदी काढ" ही टिक असल्याची खात्री करा, आणि अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर एक वेगळं साधं डोमेन खातं द्या. त्या खात्याला कुठलेही खास अधिकार नकोत. दोन डीएचसीपी सर्व्हर असतील तर दोघांना तेच खातं. म्हणजे एकाने केलेली नोंद दुसरा बदलू शकतो. त्या खात्याचा पासवर्ड बदलला तर दोन्हीकडे बदलायचा, हे कुठेतरी लिहून ठेवा.

झोनवर एजिंग सुरू करा, आणि थांबा

फॉरवर्ड झोनवर (नावावरून पत्ता सांगणाऱ्या झोनवर) राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबवर एजिंगचं बटण. "शिळ्या नोंदी साफ कर" ही टिक लावा, दोन्ही इंटरव्हल ७ दिवस राहू द्या. तेच रिव्हर्स झोनवर. सर्व्हरच्या पातळीवरून सगळ्या झोनना एकदम लागू करायचाही पर्याय आहे, पण मी एकेक झोनच करतो, म्हणजे प्रत्येक झोनची यादी एकदा डोळ्याखालून जाते.

टिक लावून पुन्हा तीच खिडकी उघडली की खाली एक तारीख दिसते: या वेळेनंतरच हा झोन साफ करता येईल. ती सुरू केल्याच्या क्षणापासून एका रिफ्रेश इंटरव्हलने पुढे असते. जिवंत यंत्रांना हजेरी लावायला मिळालेली ही सवलत आहे. आणि ती गरजेची आहे, कारण झोनवर एजिंग बंद असताना दिसणारे शिक्के भरवशाचे नसतात. एका डोमेन कंट्रोलरवर एक तारीख, दुसऱ्यावर दुसरी, असंही दिसतं. आज ज्याचा शिक्का दोन वर्षं जुना दिसतोय ते यंत्र कदाचित तुमच्या शेजारी चालू असेल.

म्हणून आता सर्व्हरवरची टिक लावायची नाही. निदान १४ दिवस काही करायचं नाही, मी तीन आठवडे धरतो. या काळात चालू यंत्रांचे शिक्के एकामागून एक ताजे होताना दिसतात.

तीन आठवड्यांनी यादी पुन्हा त्याच स्तंभावर लावा. ज्यांचा शिक्का अजूनही हललेला नाही तीच खरी संशयित नावं. त्यातली प्रत्येक तपासा. पिंगवर एकट्यावर विसंबू नका, पत्ता दुसऱ्याला गेलेला असू शकतो. डीएचसीपीत तो पत्ता कुणाच्या नावावर आहे ते बघा, आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत त्या संगणकाच्या खात्याचा लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प बघा. हा गुणधर्म मुद्दामच ९ ते १४ दिवस मागे राहतो, तेव्हा दहा दिवस जुनी तारीख दिसली म्हणून यंत्र मेलं असं ठरवू नका. चार महिने जुनी असेल तर बोलणं वेगळं. शंका राहिली तर त्या विभागात चालत जा. मला अशा फेऱ्यांमध्ये कपाटामागे चालू असलेले दोन संगणक सापडले आहेत, ज्यांचा कुणाच्याच यादीत पत्ता नव्हता.

आता पुसायचं

सफाई एकाच सर्व्हरने करावी. झोन अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत असेल तर एकाने पुसलेलं सगळ्यांकडे पोचतंच. चार सर्व्हरांवर टिक असेल तर काही उडाल्यावर कुणी उडवलं ते शोधण्यात दिवस जातो. एक सर्व्हर ठरवा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर आपोआप स्कॅव्हेंजिंगची टिक लावा, काळ ७ दिवस. सेट-डीएनएससर्व्हरझोनएजिंग या आज्ञेत स्कॅव्हेंजसर्व्हर्स या पर्यायाने त्या एकाच सर्व्हरचा पत्ता दिला, तर बाकीच्यांवर उद्या कुणी चुकून टिक लावली तरी काही होत नाही.

पहिली फेरी मी आपोआप होऊ देत नाही. मंगळवार किंवा बुधवारी सकाळी, माणसं जागेवर असताना, सर्व्हरवर राइट क्लिक करून "स्कॅव्हेंज स्टेल रिसोर्स रेकॉर्ड्स" निवडतो. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डीएनएस सर्व्हरचा लॉग बघायचा. इव्हेंट २५०१ आला तर फेरी पूर्ण झाली, आणि त्यात किती झोन पाहिले, किती नोंदी काढल्या याचे आकडे असतात. तुमच्या संशयितांच्या यादीशी तो आकडा ताडून पाहा. २५०२ आला तर फेरी झाली पण काहीच तपासलं गेलं नाही: झोनवर टिक नसेल, किंवा अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्यांदा चालवलं असेल.

चुकून काही उडालंच तर घाबरू नका. विंडोजच्या यंत्रावर आयपीकॉन्फिग रजिस्टरडीएनएस चालवा, डोमेन कंट्रोलर असेल तर नेटलॉगऑन सेवा पुन्हा सुरू करा, इतरांची नोंद काढून ठेवलेल्या प्रतीतून बघून हाताने टाका. नोंद आली तरी वापरणाऱ्याच्या संगणकात "असं नाव नाही" हे उत्तर थोडा वेळ साठलेलं असतं, तेव्हा तिथे फ्लशडीएनएसही चालवा.

स्कॅव्हेंजिंगच्या हाताबाहेरचं

हाताने टाकलेल्या नोंदी ते कधीच काढत नाही, म्हणून बंद केलेल्या सर्व्हरांची सीनेम टोपणनावं वर्षानुवर्षं राहतात. त्यांची यादी काढून प्रत्येक नाव कुठे पोचतं ते पाहावं लागतं. निवृत्त केलेल्या डोमेन कंट्रोलरची एनएस नोंद (झोनचा डीएनएस सर्व्हर कोणता ते सांगणारी) झोनच्या नेम सर्व्हर्स टॅबवर, अंडरस्कोर एमएसडीसीएसच्या (डोमेन कंट्रोलरांच्या नोंदींच्या उपझोनच्या) डेलिगेशनमध्ये तशीच सापडते, आणि कधी त्याचा पत्ता फॉरवर्डरांच्या (ज्यांच्याकडे प्रश्न पुढे पाठवले जातात त्या सर्व्हरांच्या) यादीत. त्यामुळे काही शोध अधूनमधून उगाच रेंगाळतात, आणि कारण सापडत नाही.

सार्वजनिक झोनमधल्या शिळ्या नोंदी त्याहून गंभीर. क्लाउडवर एखादा तात्पुरता प्रकल्प उभा केला, तुमच्या डोमेनखालचं एक नाव सीनेमने तिकडे वळवलं, आणि नंतर क्लाउडवरचा प्रकल्प बंद केला पण सीनेम तसाच ठेवला, तर ते रिकामं ठिकाण दुसरा कुणीही घेऊ शकतो आणि तुमच्या नावाखाली स्वतःचं पान चालवू शकतो. म्हणून आधी डीएनएसमधली नोंद काढायची आणि मग क्लाउडवरची सेवा बंद करायची. उलट क्रम नको.

बाइंड (मुख्यतः लिनक्सवर चालणारा डीएनएस सर्व्हर) वापरणाऱ्यांकडे असं घड्याळ नाही. तिथे लीज संपल्यावर नोंद काढण्याची जबाबदारी डीएचसीपी सर्व्हरवर टाकावी, आणि हाताने साफ करायचं असेल तर आरएनडीसी फ्रीझ (अपडेट थांबवणं), मग झोन फाइलमध्ये दुरुस्ती आणि सीरियल (झोनचा आवृत्ती क्रमांक) वाढवणं, मग थॉ (अपडेट पुन्हा सुरू करणं), या क्रमानेच जावं. फ्रीझ न करता फाइल बदलली तर जर्नल (डायनॅमिक बदलांची वेगळी फाइल) आणि झोन फाइल यांचा मेळ बिघडतो.

आमच्याकडे आता महिन्यातून एकदा २५०१चे आकडे पाहतो. एरवी दर फेरीला पाचसहा नोंदी जातात. एकदम चाळीस गेल्या तर कुठला तरी स्विच किंवा डीएचसीपीचं ते खातं बिघडलंय असं समजून शोध सुरू करतो. गाळप संपल्यावर काही विभागांतले संगणक महिनोन् महिने बंद असतात, त्यांच्या नोंदी जातात, आणि हंगामात संगणक सुरू झाला की आपोआप परत येतात. काट्याच्या सर्व्हरची नोंद मात्र स्टॅटिक केली आहे, आणि दरवर्षी मोळी टाकायच्या आधी मी ती उघडून टिक नसल्याचं स्वतः बघतो.